वेशीबाहेरचे मूल आणि त्याचा सोबती

जपानी ॲनिमेमध्ये, म्हणजे जपानात तयार होणाऱ्या ॲनिमेशनपटांमध्ये आणि मालिकांमध्ये, अद्भुतरम्य कथांचा एक संथ, हळुवार प्रवाह आहे. त्याच्या केंद्रस्थानी आपल्या माणसांनी टाकलेले किंवा हाकलून दिलेले एखादे लहान मूल, अनेकदा मुलगी, असते आणि तिचा सांभाळ करणारा सोबती माणूस नसून एखादा वनदेव, भूत, पशू किंवा शापित प्राणी असतो. गुरेइशी याको यांच्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, आधारलेली आणि २०२० च्या आरंभी बारा भागांत प्रसारित झालेली ‘सोमाली आणि अरण्यदेव’ ही मालिका या प्रवाहाचे नमुनेदार उदाहरण होय. तिच्यातल्या जगात माणसांनी इतर जमातींशी युद्ध छेडले, त्यात ती हरली आणि उरल्यासुरल्या माणसांची शिकार होऊ लागली. अशा जगात अरण्याची राखण करणाऱ्या एका गोलेमला, म्हणजे भावना नसलेल्या मानल्या जाणाऱ्या दगडी राखणदाराला, सोमाली ही साखळीने जखडलेली एक चिमुरडी सापडते आणि ती त्याला बाबा म्हणू लागते. हजार वर्षांच्या आयुष्यातले दीड वर्षसुद्धा ज्याच्या हाती उरलेले नाही असा तो राखणदार तिला तिची माणसे शोधून देण्यासाठी अरण्य सोडून निघतो. नागाबे या चित्रकाराची २०१५ ते २०२१ या काळात प्रसिद्ध झालेली ‘तोत्सुकुनी नो शोजो’, म्हणजे परमुलखातली मुलगी, ही चित्रकथा याच जातकुळीची असून विट स्टुडिओने तिच्यावर २०१९ मध्ये एक लघुपट आणि २०२२ मध्ये सुमारे सत्तर मिनिटांचा चित्रपट केला. तिच्यात शिवा नावाची मुलगी शिंगे असलेल्या काळ्या प्राण्याच्या घरी राहते, त्याला गुरुजी म्हणते, आणि त्याच्या स्पर्शाने शाप लागेल या भीतीमुळे दोघे एकमेकांना शिवणे टाळतात.

अशा कथांकडे आधुनिक शहरी एकाकीपणाची निर्मिती म्हणून पाहिले जाते आणि त्यात काही तथ्यही आहे; परंतु तेवढ्यावर थांबल्यास या कथांचा निम्मा अर्थ हातचा निसटतो. टाकलेले मूल आणि त्याला उचलणारा परका ही जोडी जपानच्या पुराणकथांत, बौद्ध कथासंग्रहांत, घरगुती विधींत, राजाज्ञांत आणि रस्त्यावरच्या खेळांत तेराशे वर्षे वावरत आली आहे. या दीर्घ इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की मूल टाकण्याचे पाप जपानी समाजाने केले, ते त्याला ठाऊक होते, आणि त्या जाणिवेतूनच त्याने उचलण्याच्या कृतीला जन्म देण्याच्या बरोबरीचे, काही वेळा त्याहूनही वरचे, स्थान दिले. आजची हळुवार ॲनिमे त्या जुन्या जाणिवेची वारसदार आहे. हा वारसा एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरलेला नसून कथनाच्या आणि रूढीच्या अनेक प्रवाहांतून झिरपत आलेला आहे.

जपानी वाङ्मयातले पहिले टाकलेले मूल देवांचे आहे. इसवी सन ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’ या पुराणेतिहासात इझानागी आणि इझानामी या आद्य दांपत्याला होणारे पहिले अपत्य हिरुको, म्हणजे जळूसारखे मूल, व्यंग घेऊन जन्मते आणि आईवडील त्याला वेताच्या होडीत घालून पाण्यात सोडून देतात. इसवी सन ७२० च्या ‘निहोन शोकी’ या ग्रंथातल्या कथनात तर तीन वर्षांचे झाले तरी ते आपल्या पायांवर उभे राहू शकत नव्हते, असे कारणही दिलेले आहे. ग्रंथांनी या मुलाचा मागोवा पुढे घेतला नाही. तो लोकांनी घेतला. मध्ययुगात किनाऱ्यावरच्या लोकांनी असे मानले की हिरुको वाहत येऊन किनाऱ्याला लागला, कोळ्यांनी त्याला उचलले आणि तोच पुढे एबिसु झाला, म्हणजे हातात गळ आणि काखेत मासा घेतलेला, मासेमारीचा आणि बरकतीचा हसरा देव. आजच्या ह्योगो प्रांतातील निशिनोमिया येथे त्याचे मुख्य देवस्थान आहे. ज्याला देवांनी नाकारले त्याला माणसांनी आपले सुदैव ठरवले, ही उलटापालट या परंपरेचा पाया आहे.

ही कथा गावोगाव पोहोचवणारे लोकही लक्षात घेण्याजोगे आहेत. निशिनोमियाच्या आणि जवळच्या आवाजी बेटाच्या आश्रयाने राहणारे बाहुलेवाले एबिसुची बाहुली पेटीत घालून दारोदार हिंडत, घराला आणि होडीला बरकत यावी म्हणून तिचा खेळ करत आणि मिळालेल्या धान्यावर व पैशांवर गुजराण करत. त्यांच्याच परंपरेतून पुढे आवाजीच्या बाहुलीनाट्याचा विकास झाला. या फिरत्या कलावंतांना समाजात खालचे स्थान होते. त्यांचा आशीर्वाद हवा असे, पण त्यांच्याशी सोयरीक नको असे. टाकलेल्या देवाची गोष्ट समाजाने कडेला ठेवलेल्या माणसांनी सांगावी, यात योगायोगापेक्षा अधिक काही होते. वेशीबाहेरच्या मुलाचे दुःख वेशीबाहेर राहणाऱ्यालाच नीट कळत होते, आणि ते आनंदाच्या खेळात कसे बदलावे याचे कसबही त्याच्याकडेच होते.

बाराव्या शतकाच्या आरंभी संकलित झालेल्या ‘कोंजाकु मोनोगातारीशू’ या प्रचंड कथासंग्रहातील एकोणिसाव्या खंडात एक कथा आहे, जिच्यात आजच्या ॲनिमेची संपूर्ण रचना बीजरूपाने सापडते. क्योतोच्या राजवाड्याच्या तटाला असलेल्या ताच्ची दरवाजाजवळून सकाळी जाणाऱ्या एका माणसाला जेमतेम दहा दिवसांचे, नीटस दिसणारे मूल टाकलेले दिसते. त्याला वाईट वाटते, परंतु काम असल्याने तो पुढे जातो. दुसऱ्या दिवशी भोवती भटकी कुत्री असूनही ते मूल जिवंत असते, तिसऱ्या दिवशीही असते, तेव्हा हे घडते तरी कसे या विचाराने तो रात्री पडक्या भिंतीआड लपून पाहतो. मध्यरात्रीनंतर एक मोठी पांढरी कुत्री येते, बाकीची कुत्री तिला पाहून पळतात आणि ती मुलाला खाणार या भीतीने माणूस श्वास रोखून पाहत असतानाच ती त्याच्या कुशीला आडवी होऊन त्याला पाजू लागते. पुढच्या एका रात्री तो पुन्हा जातो, तेव्हा तिथे मूलही नसते आणि कुत्रीही नसते. माणसाची चाहूल लागल्यामुळे तिने मुलाला दुसरीकडे नेले असावे, असा तर्क कथेत केलेला आहे आणि ती कुत्री कोणी बुद्ध किंवा बोधिसत्त्व असावी, असेही म्हटले आहे.

या छोट्याशा कथेतील नैतिक मांडणी फार धीट आहे. पाहणारा माणूस दयाळू आहे, तो तीन दिवस त्या मुलाचा विचार करतो, परंतु त्याला उचलत नाही. उचलते ती कुत्री, आणि तीही कुठे गेली हे माणसांना कळू देत नाही. दयेची भावना आणि सांभाळाची कृती यांतले अंतर दाखवण्यासाठी कथाकाराने माणूस आणि पशू यांची अदलाबदल केली आहे. ‘प्रिन्सेस मोनोनोके’ या मियाझाकी हायाओ यांच्या १९९७ च्या चित्रपटात मोरो ही लांडगी-देवता सांगते, की अरण्याची नासधूस करणाऱ्या माणसांनी स्वतःचा जीव वाचवण्यासाठी आपले तान्हे मूल तिच्या पुढ्यात फेकले आणि ती सान नावाची मुलगी तिने आपली लेक म्हणून वाढवली. तिच्या त्या कथनात ताच्ची दरवाजाजवळच्या पांढऱ्या कुत्रीची गोष्टच मोठ्या पडद्यावर उभी राहते.

कथेत जे घडले ते विधीतही घडत होते. जपानात याकुदोशी, म्हणजे आयुष्यातील घातवर्षे, ही कल्पना आजही पाळली जाते. पुरुषांसाठी बेचाळिसावे आणि स्त्रियांसाठी तेहतिसावे वर्ष त्यांत सर्वांत अवघड समजतात. आईबापांच्या अशा वर्षाशी मुलाच्या जन्माचा अशुभ मेळ बसला, किंवा आधीची मुले दगावली असली, तर त्या तान्ह्याला चौरस्त्यावर किंवा दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवत आणि आधीच सांगून ठेवलेला शेजारी, नातलग किंवा पुजारी त्याला उचलून घरी नेई. तो त्याचा हिरोई-ओया, म्हणजे उचलता आईबाप, होई. मूल नंतर आपल्या घरी परतले तरी त्या उचलणाऱ्याशी त्याचे नाते पुढेही राही. यामागचा विचार असा होता की ज्या जन्माला दृष्ट लागली तो जन्म चौरस्त्यावर संपतो आणि उचलल्या क्षणापासून मुलाचा दुसरा, निर्धोक जन्म सुरू होतो.

हा विधी झोपडीपासून महालापर्यंत सर्वत्र पाळला जाई. सोळाव्या शतकाच्या अखेरीस साऱ्या जपानवर सत्ता गाजवणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीला पन्नाशी उलटल्यावर, १५८९ मध्ये, मुलगा झाला. इतिहासात तो त्सुरुमात्सु म्हणून ओळखला जात असला, तरी त्याचे लाडके नाव सुते, म्हणजे टाकलेला, असे ठेवले होते. तो १५९१ मध्ये दगावला. १५९३ मध्ये दुसरा मुलगा झाला, तेव्हा त्याला विधिपूर्वक टाकून एका सरदाराकडून उचलून घेतले गेले आणि त्याचे नाव हिरोई, म्हणजे उचललेला, असे ठेवले गेले; हाच पुढचा तोयोतोमी हिदेयोरी, जो १६१५ मध्ये ओसाकाच्या किल्ल्यात मरण पावला. १६८४ मध्ये जन्मलेल्या आणि पुढे आठवा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, झालेल्या तोकुगावा योशिमुनेलाही बालपणी असेच टाकून वाकायामा येथील साशिताहिको देवस्थानाच्या पुजाऱ्याने उचलले होते. मराठी घरांतही मूल जगत नसले की पुढच्याला केरू, उकिरडा, धोंडू, दगडू, भिकू अशी नावे ठेवून त्याच्यावरची नजर टाळण्याची रीत होती. तेव्हा या विधीमागचे भय मराठी वाचकाला परके वाटू नये. जपानी रूढीचे वेगळेपण एवढेच, की तिने नावावर न थांबता टाकण्याचे आणि उचलण्याचे सबंध नाट्य उभे केले आणि त्यात परक्या माणसाला आयुष्यभराची भूमिका दिली.

या नाट्याला जिवंतपणा होता, कारण खरेखुरे टाकणे आसपास चालू होते. तोकुगावा राजवटीत, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, विशेषतः पूर्व जपानमधील शेतकरी कुटुंबांत नवजात मुलांना मारण्याची चाल पसरली होती आणि तिला माबिकी, म्हणजे शेतातली दाट रोपे उपटून बाकीच्यांना जागा करून देणारी विरळणी, असे सौम्य नाव होते. जमिनीच्या तुकड्यावर किती तोंडे जगतील हा हिशेब, करांचा बोजा आणि दुष्काळ ही त्याची कारणे होती, तशीच मोजकी मुले नीट वाढवावीत ही घराच्या प्रतिष्ठेची कल्पनाही होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अनेक जहागिरींनी गर्भवतींच्या नोंदी ठेवल्या, गरिबांना बाळंतपणासाठी मदत दिली आणि मूल मारणाऱ्या स्त्रीचा चेहरा राक्षसी होतो असे दाखवणारी चित्रे व पत्रके वाटली.

अशाच एका चित्राने जपानच्या लोकसाहित्याच्या अभ्यासाला चालना दिली. आजच्या इबाराकी प्रांतातील तोने नदीकाठच्या फुकावा येथे तोकुमानजी नावाचे बौद्ध मंदिर असून तेथे एक एमा, म्हणजे नवसाची लाकडी चित्रफळी, टांगलेली होती. तीत डोक्याला पट्टी बांधलेली बाळंतीण आपल्या नवजात मुलाला दाबून धरते आहे, कागदी दारावर पडलेल्या तिच्या सावलीला शिंगे फुटली आहेत आणि जवळच जिझो रडत उभा आहे. १८८७ च्या सुमारास थोरल्या भावाकडे राहायला आलेल्या यानागिता कुनिओ या मुलाने हे चित्र पाहिले आणि त्याचा धक्का तो कधी विसरला नाही; पुढे जपानी लोकसाहित्यशास्त्राचा संस्थापक ठरलेल्या यानागिताने उतारवयातल्या आठवणींत त्याचा उल्लेख केला आहे.

चित्रातला जिझो हा या इतिहासातला सर्वांत प्रिय सोबती आहे. मूळचा भारतीय महायान परंपरेतला क्षितिगर्भ बोधिसत्त्व चीनमार्गे जपानात गेला आणि तेथे वाटसरूंचा व मृत बालकांचा रक्षक झाला. लोकश्रद्धेनुसार लहानपणी मेलेली मुले साई नो कावारा नावाच्या परलोकातील नदीकाठी आईबापांच्या पुण्यासाठी दगडांवर दगड रचत बसतात, राक्षस ते ढीग पुन्हा पुन्हा पाडतात आणि मुंडन केलेला, भिक्षूच्या वेषातला जिझो त्यांना आपल्या वस्त्राच्या ओच्यात घेऊन आईबाप होतो. जपानच्या चौरस्त्यांवर आणि गावांच्या वेशींवर लाल लाळेरी बांधलेल्या त्याच्या दगडी मूर्ती आजही दिसतात. ज्यांना घरात जागा मिळाली नाही त्या मुलांचा रक्षक वेशीवर उभा करण्यात एका समाजाची लाज आणि माया दोन्ही एकत्र आली आहेत, आणि दगडी देहाचा, मंदगती, मितभाषी गोलेम जेव्हा सोमालीचा हात धरून चालतो, तेव्हा जपानी प्रेक्षकाच्या मनात वेशीवरचा तो दगडी जिझो जागा होत असला तर नवल नाही.

सत्ताधाऱ्यांनीही या प्रश्नाची दखल घेतली. पाचवा शोगुन तोकुगावा त्सुनायोशी हा प्राणिमात्रांवरील दयेच्या आज्ञांमुळे, त्यातही कुत्र्यांच्या कडक संरक्षणामुळे, उपहासाचा विषय झाला. पण १६८७ मधल्या त्याच आज्ञांत टाकलेले मूल सापडल्यास आधी त्याची काळजी घ्यावी आणि कोणाला हवे असल्यास ते त्याच्याकडे सोपवावे, असे सांगितले होते, आणि १६९० मध्ये मूल टाकण्यावर स्पष्ट बंदी आली. त्याच्या मृत्यूनंतर, १७०९ मध्ये, प्राण्यांविषयीच्या आज्ञा रद्द झाल्या, तरी टाकलेल्या मुलांच्या संरक्षणाचे धोरण टिकले. टाकलेले मूल ज्या वस्तीत सापडेल त्या वस्तीवर त्याची जबाबदारी येई. मेइजी काळात, म्हणजे तोकुगावा राजवटीनंतर, सरकारने १८७१ मध्ये अशा मुलांना सांभाळणाऱ्यांना तांदळाच्या रूपाने साहाय्य देण्याची व्यवस्था केली. इशिई जूजी यांनी १८८७ मध्ये ओकायामा येथे स्थापन केलेल्या अनाथालयात ईशान्येकडील दुष्काळानंतर, १९०६ मध्ये, सुमारे १२०० मुले राहत होती.

याच काळात यानागिताने ईशान्य जपानमधील इवाते प्रांतातल्या तोनो खोऱ्यातील लोककथा तिथल्याच सासाकी किझेन या तरुणाकडून ऐकून लिहून घेतल्या आणि १९१० मध्ये ‘तोनो मोनोगातारी’ हे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. ११९ नोंदींच्या या पुस्तकात मूल आणि अमानवी सृष्टी यांच्यातली सीमारेषा सतत ओलांडली जाते. एका नोंदीत विचित्र रूपाचे मूल जन्मल्यावर बाप त्याला फाट्यावर टाकून येतो, थोडे अंतर गेल्यावर त्याचा खेळ मांडून पैसे मिळतील असा लोभ सुटतो म्हणून परततो, तर मूल तेथे नसते. दुसऱ्या नोंदीत एका श्रीमंत घरातून दोन अनोळखी मुली बाहेर पडताना वाटेत एका गावकऱ्याला भेटतात. त्या झाशिकी-वाराशी असतात, म्हणजे घराच्या बैठकीत राहणारी, ज्यांच्या असण्याने घर भरभराटीला येते आणि ज्यांच्या जाण्याने बुडते अशी बालरूपे. थोड्याच दिवसांत विषारी अळंबी खाल्ल्याने घरातली वीसहून अधिक माणसे एकाच दिवशी मरतात आणि बाहेर खेळत राहिलेली सात वर्षांची एकच मुलगी वाचते. अशा कथांमागे सात वर्षांखालील मूल अजून देवांचेच असते, ही समजूत सांगितली जाते. ती फार प्राचीन असल्याचा लोकसाहित्यकारांचा दावा अलीकडच्या इतिहासकारांनी तपासून शंकास्पद ठरवला आहे, परंतु विसाव्या शतकातल्या कथाकारांनी आणि चित्रकारांनी ती खरी मानूनच आपली जगे उभारली. मिदोरिकावा युकी यांच्या कथेवरील २०११ च्या ‘होतारुबी नो मोरी ए’ या छोट्या चित्रपटात तर तान्हेपणी डोंगरात टाकलेल्या गिन नावाच्या मुलाला तेथील देवानेच आपल्या मायेने राखलेले आहे.

कथेकडून पडद्याकडे जाणारी वाट रस्त्यावरून गेली. १९३० च्या सुमारास जपानी शहरांत कामिशिबाई, म्हणजे कागदी चित्रांचा खेळ, लोकप्रिय झाला. सायकलवर लाकडी चौकट लावलेला खेळवाला गल्लीत येई, लाकडाचे दोन ठोकळे आपटून मुलांना बोलावी, खाऊ विके आणि चौकटीतली चित्रे एकामागून एक सरकवत गोष्ट सांगे. थडग्यात जन्मलेल्या कितारो या मुलाची गोष्ट याच खेळातून, १९३० च्या दशकात, गाजली. तिच्यामागे मेलेल्या आईने रात्री येऊन थडग्यातल्या बाळासाठी खाऊ विकत नेल्याची जुनी लोककथा होती. युद्धात डावा हात गमावलेले मिझुकी शिगेरू हे युद्धानंतर कामिशिबाईची चित्रे काढून पोट भरत. दूरचित्रवाणीने तो धंदा बसवल्यावर त्यांनी कितारोला चित्रकथेत आणले आणि १९६८ मध्ये ती मालिकारूपाने दूरचित्रवाणीवर आली. त्यात भूतजमातीतला हा अखेरचा अनाथ मुलगा आणि केवळ डोळ्याच्या रूपाने उरलेला त्याचा बाप माणसांच्या जगाच्या कडेला राहून माणसांनाच मदत करतात.

या पिढीच्या मनावर युद्धाचे सावट होते. १९४८ च्या फेब्रुवारीतल्या सरकारी गणनेत जपानमध्ये १,२३,५११ अनाथ मुले नोंदली गेली. त्यांतली कितीतरी तोक्योच्या उएनो स्थानकाच्या भुयारी वाटांत झोपत, बूट पुसत, चोरी करत. पोलीस त्यांना गोळा करून नेत आणि युद्धाने ज्यांचे आईबाप नेले त्या मुलांना समाज भटकी व गुन्हेगार म्हणून हिणवत असे. तेझुका ओसामू यांनी १९५२ मध्ये चित्रकथेतून उभा केलेला आणि १ जानेवारी १९६३ पासून दूरचित्रवाणीवर आलेला यंत्रबालक आतोम हा अशाच जपानचा नायक आहे. मेलेल्या मुलाच्या जागी त्याला घडवणारा शास्त्रज्ञ, तो वाढत नाही म्हणून, त्याला सर्कशीला विकून टाकतो आणि दुसरा, परका शास्त्रज्ञ त्याला आपलासा करतो. तेझुकांच्या १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘दोरोरो’मध्ये सत्तालोभी बापाने राक्षसांना अवयव वाहिलेला हयाक्किमारू नदीत सोडला जातो आणि एक वैद्य त्याला उचलून लाकडी अवयव बसवतो. हिरुकोची होडी येथे साडेबाराशे वर्षांनंतर पुन्हा पाण्यात दिसते.

मराठी घरांत ही परंपरा एका वेगळ्याच वळणाने पोहोचली. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९ मध्ये किपलिंगच्या कथांवर मोगलीची बावन्न भागांची मालिका केली आणि १९९० च्या दशकात ती दूरदर्शनवर हिंदीत दाखवली गेली. लांडग्यांच्या कळपात वाढलेल्या या मुलाची कथाभूमी असलेला सिवनीचा परिसर महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे आणि पेंचचे जंगल नागपूर जिल्ह्यातही पसरलेले आहे. म्हणजे विदर्भाच्या शेजारच्या रानातले मूल इंग्रजीतून जपानात गेले आणि जपानी चित्रकारांच्या हातून त्या पिढीच्या मराठी मुलांकडे परत आले.

मोगली अखेर माणसांत परतावा की नाही, हा प्रश्न पाश्चात्त्य कथेला सतावतो. जुन्या जपानी कथांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या हळुवार ॲनिमेने मात्र भर दिला तो सोबत कशी टिकते यावर. सोमालीला माणसांकडे पोहोचवायला निघालेल्या गोलेमलाच प्रवासात समजत जाते, की तिचा बाप होणे ही त्याने घेतलेली जबाबदारी असून ती कोणाकडे सोपवून मोकळे होण्यासारखी नाही. शिवा आणि तिचे गुरुजी एकमेकांना शिवू शकत नाहीत, म्हणून त्यांची माया चहा करणे, अंधार पडण्याआधी घरी बोलावणे अशा कृतींतून व्यक्त होते. मिदोरिकावांच्याच ‘नात्सुमे युजिनचो’ या २००८ पासूनच्या मालिकेतला अनाथ मुलगा, भुते दिसतात म्हणून एका नातलगाकडून दुसऱ्याकडे ढकलला गेलेला असतो. त्याला घर मिळते ते दूरच्या नात्यातल्या एका निपुत्रिक जोडप्याकडे, आणि सोबत मिळते ती मांजराच्या रूपातल्या एका भुताची. या सर्व कथांत उचलणारा आपल्या मर्यादा घेऊनच येतो. त्याचे आयुष्य थोडे उरलेले असते, त्याचा स्पर्श घातक असतो, त्याला माणसांच्या रीती कळत नाहीत; तरीही तो रोजचा सांभाळ चुकवत नाही. ताच्ची दरवाजाजवळच्या दयाळू वाटसरूकडे सगळे काही होते, कमी होती ती एवढ्याच गोष्टीची.

हा प्रश्न आजही इतिहासजमा झालेला नाही. कुमामोतो येथील जिकेई रुग्णालयाने २००७ मध्ये भिंतीत एक लहान दार बसवले, जेथे आईबाप आपले तान्हे मूल नाव न सांगता सुरक्षित ठेवून जाऊ शकतात, आणि त्यावर देशभर कडवट वाद झाला. मूल टाकायला हे उत्तेजन आहे, असे एका बाजूचे म्हणणे होते, तर मुलाचा जीव आधी वाचला पाहिजे, असे दुसऱ्या बाजूचे. तीनशे वर्षांपूर्वी त्सुनायोशीच्या आज्ञेने जे ठरवले होते, आधी सांभाळ आणि मग चौकशी, तेच येथे नव्याने मांडले जात होते. जपानी कायद्यानुसार आईबापांचा पत्ता नसलेले मूल सापडले की स्थानिक नगरप्रमुख त्याला नाव देतो आणि त्याची कोसेकी, म्हणजे नागरिकत्वाचा आधार असलेली कुटुंबनोंद, नव्याने उघडली जाते. उचलण्याने दुसरा जन्म सुरू होतो ही चौरस्त्यावरची जुनी समजूत आता कायद्याच्या कलमातही शिरलेली आहे.

या पार्श्वभूमीवर हळुवार ॲनिमेला केवळ मनाला दिलासा देणारी करमणूक म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. तिचा हळुवारपणा एका कठोर इतिहासातून कमावलेला आहे आणि त्यात एक स्पष्ट आरोपही आहे, कारण या कथांतल्या मुलीला वनदेवाची, लांडगीची किंवा शापित गुरुजीची गरज पडते ती तिच्या गावाने आपले काम केले नाही म्हणूनच. जपानी समाजाने आपल्या टाकलेल्या मुलांसाठी देव निर्माण केले, विधी रचले, कायदे केले आणि आता मालिका काढल्या. त्या साऱ्यांत एकच विधान कायम राहिले आहे, की मूल कोणाच्या पोटी आले यावरून त्याचे आईबाप ठरत नाहीत. ज्याने उचलले आणि दुसऱ्या दिवशीही खाली ठेवले नाही, तोच त्याचा आईबाप.